सिग्नल ९९ टक्के, डाउनलोड ११ एमबीपीएस : एका लॅपटॉपच्या वाय-फायचा तपास

घरात २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. राउटर दोन बँडचा, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालणारा: २.४ गिगाहर्ट्झवर ८०२.११एन, ५ गिगाहर्ट्झवर ८०२.११एसी, ही वाय-फायच्या प्रमाणांची नावं. दोन्ही बँडना एकच नाव आणि एकच पासवर्ड. लॅपटॉपवर विंडोज ११, आत दोन अँटेनांचं वाय-फाय कार्ड. राउटरपासून टेबल साधारण पाच मीटरवर, मध्ये विटांची एक भिंत. रोजचा डाउनलोड १८० ते १९० एमबीपीएस. बुधवारी सकाळी तोच लॅपटॉप त्याच टेबलावर ११ दाखवू लागतो. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा चेहरा मिनिटामिनिटाला गोठतो, पण समोरच्याला मात्र या बाजूचं चित्र बऱ्यापैकी नीट दिसत राहतं. टास्कबारवर वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या.

शेवटच्या दोन वाक्यांत निम्म्याहून जास्त उत्तर आहे. पण तिथवर पोचायला आधी बाकीच्या शक्यता हिशोबातून काढाव्या लागतात, आणि त्या काढताना या प्रकरणात दोनदा वाट चुकली. त्या दोन्ही चुका इथे ठेवल्या आहेत, कारण घरगुती वाय-फायचे तपास सहसा याच दोन ठिकाणी भरकटतात.

आधी राउटर तसाच राहू द्या

वेग पडला की हात पहिल्यांदा राउटरच्या प्लगकडे जातो. तो थांबवायला हवा. घरगुती राउटरची नोंदवही, म्हणजे सिस्टिम लॉग, बहुतेक वेळा तात्पुरत्या मेमरीत असते. वीज गेली की ती पुसली जाते. शिवाय चालू होताना राउटर चॅनेल नव्याने निवडतो, घरातली सगळी उपकरणं नव्याने जोडली जातात आणि वेग परत येतो. का गेला होता ते कळत नाही. चार दिवसांनी तो पुन्हा जातो. राउटरच्या पानावर लॉग इन करून लॉग आधी एका फाइलमध्ये उतरवून घ्या. रीस्टार्ट नंतर कधीही करता येतो. पुढे सगळ्यात मोठा पुरावा त्याच लॉगमध्ये सापडला.

कुठला तुकडा बिघडला

कंपनीच्या लाइनपासून राउटरपर्यंत एक तुकडा, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेतला दुसरा, आणि लॅपटॉपच्या आतला तिसरा. प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा.

सर्वात स्वस्त चाचणी फोनची. फोन लॅपटॉपच्या बाजूला ठेवला, मोबाइल डेटा बंद केला आणि तोच स्पीड टेस्ट, तोच सर्व्हर निवडून चालवला: १८३. म्हणजे लाइन ठीक आणि राउटरही ठीक. मोबाइल डेटा बंद करायला विसरलात तर काही फोन कमजोर वाय-फाय सोडून गुपचूप डेटावर जातात आणि मोजणी फसते.

मग नेटवर्क केबल. राउटरच्या लॅन पोर्टमधून लॅपटॉपला केबल लावली, वाय-फाय बंद केलं आणि मोजलं: ९४. इथे पहिली वाट चुकली. ‘वायरवरसुद्धा निम्माच वेग येतोय, म्हणजे लॅपटॉपच मंद झालाय’ असा निष्कर्ष निघाला आणि अँटिव्हायरस, बॅकग्राउंड अपडेट, क्लाउड सिंक यांच्या मागे दोन तास गेले.

९४ हा आकडा ओळखता आला पाहिजे. गिगाबिट जोडणीला केबलच्या आतल्या चारही जोड्या लागतात; एखादी जोडी तुटली किंवा प्लगची एखादी पट्टी वाकली, तर दोन्ही टोकं बऱ्याचदा १०० एमबीपीएसवर तडजोड करतात, कारण त्याला दोन जोड्या पुरतात. शंभरातून प्रोटोकॉलचा खर्च वजा गेला की ९४-९५ हातात पडतात. स्पीड टेस्ट पुन्हा पुन्हा याच आकड्याला येऊन अडकत असेल तर केबल बघायची. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं गेलं की ‘लिंक स्पीड’समोर १००/१०० लिहिलेलं असतं, तिथे १०००/१००० हवं. या घरात केबल कपाटाखालून ओढलेली होती आणि प्लगची खिट्टी तुटलेली होती. कॅट ५ई ची दुसरी केबल लावली: १९५.

या १९५ ने एका फटक्यात तिसरा तुकडा मोकळा केला. तोच लॅपटॉप, तोच ब्राउझर, तोच अँटिव्हायरस, तेच व्हीपीएन, तेच सिंक. बदलला तो फक्त मार्ग. सॉफ्टवेअर वेग खात असतं तर ते वायरवरही खाल्लं असतं. म्हणून केबलची चाचणी टास्क मॅनेजर उघडण्याच्याही आधी करावी, पण खात्रीच्या केबलने.

आता उरला एकच तुकडा: हवेतला, आणि तोही फक्त या लॅपटॉपसाठी.

ड्रायव्हरवरचा आळ

‘परवापर्यंत चालत होतं, मग नवीन काय झालं?’ हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं पहिलं मिळालेलं उत्तर खरं धरू नये. विंडोज अपडेटच्या अपडेट हिस्टरीत ‘ड्रायव्हर अपडेट्स’ या मथळ्याखाली दिसलं की सोमवारी वाय-फाय कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आला होता. घसरण बुधवारी सकाळी लक्षात आली. आळ घ्यायला एवढं पुरेसं होतं. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, वाय-फाय कार्डावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. लॅपटॉप रीस्टार्ट. स्पीड टेस्ट: १८६.

प्रकरण मिटलं असं वाटलं. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा ११.

ही दुसरी चुकलेली वाट. ड्रायव्हर बदलणं, नेटवर्क रीसेट करणं, वाय-फाय बंद-चालू करणं, लॅपटॉप रीस्टार्ट करणं, या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: कार्ड जुनी जोडणी सोडतं, आसपासचे चॅनेल नव्याने तपासतं आणि नव्याने जोडतं. बिघाड त्या जुन्या जोडणीत असेल तर यांतला कुठलाही उपाय ‘लागू’ पडतो. म्हणून ड्रायव्हर दोषी ठरवायचा तर रोल बॅक केल्यावर वेग परत येणं पुरेसं नाही. नवा ड्रायव्हर पुन्हा चढवल्यावर वेग पडलाही पाहिजे. इथे तो चढवून पाहिला, लॅपटॉप रीस्टार्ट झाल्यावर वेग १८८ होता. ड्रायव्हर सुटला. काही वेळाने वेग पुन्हा घसरला, तेव्हा ती घसरलेली अवस्था हातची जाऊ न देता तशीच ठेवली आणि आकडे वाचले.

घसरलेल्या अवस्थेतले आकडे

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही कमांड द्यायची. पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही कमांड लोकेशनची परवानगी मागते. ती सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मिळते. कमांड नको असेल तर वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये बँड, चॅनेल आणि लिंक स्पीड दिसतं. रेट, म्हणजे राउटर आणि लॅपटॉप हवेत एकमेकांशी बोलतात ती गती, वाचताना एखादं मोठं डाउनलोड चालू ठेवा आणि कमांड चार-पाच वेळा द्या. रिकाम्या जोडणीवरचा रेट काहीही असू शकतो.

या लॅपटॉपवर असं होतं:

बँड: २.४ गिगाहर्ट्झ
चॅनेल: ६
रेडिओ टाइप: ८०२.११एन
रिसीव्ह रेट: १३, मग २६, मग पुन्हा १३
ट्रान्समिट रेट: ११५.६ ते १४४.४
सिग्नल: ९९ टक्के

बँडच्या ओळीने पहिली गोष्ट सांगून टाकली. २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये दोन अँटेनांच्या ८०२.११एन जोडणीचा कमाल लिंक रेट १४४.४ एमबीपीएस. हवेतल्या जोडणीत प्रत्यक्ष हातात येतो तो लिंक रेटच्या निम्मा किंवा थोडा अधिक, कारण डेटाच्या प्रत्येक पाकिटाला पोच द्यावी लागते आणि बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते थांबून ऐकावं लागतं. म्हणजे या बँडवर सगळं आदर्श असतं तरी १८० कधीच मिळाले नसते. १८० मिळत होते तेव्हा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर होता. तिथे ८० मेगाहर्ट्झ रुंदी आणि दोन अँटेना मिळून ८०२.११एसी चा लिंक रेट ८६६.७ येतो.

पण बँड बदलल्याने १८० चे ७०-७५ व्हायला हवे होते, ११ नव्हे. उरलेली घसरण दुसऱ्याच कशाची तरी आहे.

ती रिसीव्ह आणि ट्रान्समिट या दोन ओळींच्या तफावतीत दिसते. राउटर लॅपटॉपशी १३ वर बोलतोय आणि लॅपटॉप राउटरशी १४४ वर. अंतर तेच, भिंत तीच, चॅनेल तोच. स्पीड टेस्टमध्येही हेच होतं: डाउनलोड ११, अपलोड ६२. कॉलमध्ये समोरच्याला नीट दिसत होतं ते यामुळेच. लॅपटॉपचं बोलणं राउटरला स्वच्छ ऐकू येतंय, राउटरचं बोलणं मात्र लॅपटॉपला नीट कळत नाही. पोच अगदी सावकाश, साध्या रेटने येते म्हणून ती गोंगाटातूनही पोचते आणि अपलोड तग धरतो. दूरच्या राउटरमुळे किंवा जाड भिंतीमुळे दोन्ही दिशा खाली येतात. एकच दिशा कोसळली असेल तर गोंगाट ऐकणाऱ्याच्या कानाशी आहे.

मग सिग्नल ९९ टक्के कसा? विंडोज ही टक्केवारी सिग्नलच्या ताकदीवरून काढतं: उणे ५० डीबीएम किंवा त्याहून जोरात असेल तर १००, उणे १०० असेल तर शून्य. राउटरचा आवाज किती मोठा आहे एवढंच त्यात मोजलं जातं. भोवती कालवा किती आहे ते त्यात धरलेलं नाही. गजबजलेल्या लग्नघरात शेजारचा माणूस कितीही मोठ्याने बोलला तरी शब्द कळतीलच असं नाही, तसंच हे. लिंक रेट मात्र ताकद आणि गोंगाट यांच्यातल्या फरकावर ठरतो. म्हणून पट्ट्या बघून वाय-फायचा अंदाज बांधणं सोडून द्यावं, असं आमचं ठाम मत आहे. मॅकवर हे आणखी सोपं आहे: ऑप्शन की दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि नॉईज (गोंगाट) असे दोन वेगळे आकडे दिसतात. त्यांच्यातलं अंतर २० डीबीच्या खाली आलं की वेग झपाट्याने पडतो.

जाता जाता आणखी एक ओळख. रेट ७२.२ किंवा ४३३.३ च्या वर कधीच जात नसेल, तर दोनपैकी एकच अँटेना चालू असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉप नुकताच उघडला गेला असेल तर आतल्या कार्डावरचा बटणासारखा इवलासा कनेक्टर नीट दाबला गेलेला नसतो. या प्रकरणात ट्रान्समिट रेट १४४.४ पर्यंत जात होता, म्हणून तो संशय लगेच फिटला.

गोंगाट कुठून

शेजाऱ्यांची वाय-फाय आधी तपासली. ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो नेटवर्क्स मोड=बीएसएसआयडी’ दिल्यावर चॅनेल ६ वर आणखी दोन राउटर दिसले, दोन्ही ३५ टक्क्यांच्या आत. असली गर्दी वेग कमी करते खरी, पण दोन्ही दिशांनी करते. ती सोडून दिली.

मग टेबल. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला, बिजागरीला खेटून, यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क. जेमतेम वीतभर केबल. उजव्या बाजूला बिनतारी माउसचा चिमुकला रिसीव्हर. कानाला ब्लूटूथ हेडफोन. डिस्क तीन आठवड्यांपूर्वी बॅकअपसाठी आणली होती आणि तेव्हापासून तिथेच होती, म्हणून तिच्यावर कुणाचा संशयच गेला नाही.

एकेक वस्तू काढत मोजायचं, पण स्पीड टेस्टने नाही. स्पीड टेस्टमध्ये बाहेरचं जग मिसळतं. ‘आयपीकॉन्फिग’ दिलं की ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता येतो, इथे तो १९२.१६८.१.१ होता. एका खिडकीत ‘पिंग १९२.१६८.१.१ -टी’ चालू ठेवलं, दुसऱ्या खिडकीत इंटरफेसेसची कमांड, आणि मागे एक मोठं डाउनलोड. हे पिंग घराबाहेर जातच नाही. लॅपटॉपहून निघून राउटरला शिवून परत येतं, म्हणून त्यात जे काही दिसेल ते याच हवेतलं असतं.

डिस्क लावलेली असताना पिंग ४ मिलिसेकंदांपासून ३१० पर्यंत उड्या मारत होतं, मध्येच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. डिस्क इजेक्ट करून केबल उपसली. तीन-चार सेकंदांत रिसीव्ह रेट चढू लागला: १३, ३९, ७८, १३०. पिंग ३ ते १२ च्या आत स्थिरावलं. डाउनलोड ५५. मग हेडफोन बंद केला: ७६. कार्डात वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच जागी असतात, अनेकदा अँटेनाही वाटून घेतात. दोघांचं काम २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर पाळीपाळीने बोलावं लागतं. हेडफोन हा छोटा वाटेकरी. खरी करामत डिस्कची.

उलट तपासणी केलीच पाहिजे. डिस्क पुन्हा लावली: रेट १३. त्याच डिस्कला यूएसबी २ ची केबल लावली: रेट १३० च्या वर. डिस्क तीच, फिरणारी तबकडी तीच, वीजही तीच. यूएसबी ३ ची जोडणी तेवढी गेली आणि गोंगाट गेला.

कारण वारंवारतेत आहे. यूएसबी ३.० वर बिट ५ गिगाबिट प्रति सेकंद या गतीने धावतात. बिट आलटून पालटून बदलत गेले तर त्या लहरीची मूळ वारंवारता २.५ गिगाहर्ट्झ येते. शिवाय यूएसबी ३ च्या ठरलेल्या नियमांतच डेटा विस्कटून पाठवला जातो, त्यामुळे त्याची ऊर्जा एका टोकाला न साचता रुंद पट्ट्यावर पसरते, आणि २.४ ते २.४८ गिगाहर्ट्झचा वाय-फाय पट्टा नेमका तिच्या तावडीत सापडतो. इंटेलने २०१२ साली यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. बाहेरची यूएसबी ३.० डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातली गोंगाटाची पातळी जवळपास २० डीबी वर गेल्याची मोजणी त्यात आहे. २० डीबी म्हणजे शंभरपट. यूएसबी २ ची गती ४८० एमबीपीएस, ती या पट्ट्याच्या आसपासही नाही, म्हणून केबल बदलताच शांतता. गोंगाट फक्त डिस्कच्या डबीतून येत नाही. पोर्ट, प्लग, केबल सगळ्यांतून तो झिरपतो, आणि शिल्डिंग हलक्या दर्जाचं असेल तर जास्तच. फाइल कॉपी होत नसली तरी जोडणी जागी असेपर्यंत तारेवर बिट धावतच राहतात. डिस्क झोपली की वेग सुधारतो, बॅकअप सुरू झाला की पडतो, आणि घरातल्यांना वाटतं नेट ‘कधीकधी’ खराब असतं.

या टेबलावर एक खूण आधीपासून होती: डिस्क चालू असताना माउसचा बाण अडखळत सरकायचा. माउसचा रिसीव्हरही २.४ गिगाहर्ट्झवरच ऐकतो. बिनतारी माउस आणि वाय-फाय एकाच वेळी कुरकुरू लागले, तर जवळपास यूएसबी ३ चं काय जोडलंय ते आधी बघा: डिस्क, हब, डॉक, कार्ड रीडर, काहीही. डेस्कटॉपच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टात वाय-फाय डोंगल खोचलेलं असेल तर हाच त्रास आणखी तीव्र होतो. तिथे डोंगलला एक्स्टेन्शन केबल लावून त्याला टेबलावर आणणं हा उपाय आहे.

मग तीन आठवडे काही झालं नाही ते कसं

डिस्क तीन आठवडे तिथेच होती आणि वेग १८० होता, कारण लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर होता. त्या पट्ट्यावर या डिस्कचा त्रास जाणवत नव्हता. लॅपटॉप २.४ वर घसरला आणि थेट त्या कालव्यात येऊन पडला. दोन गोष्टी जुळाव्या लागल्या. त्यातली आधीची जुनी आणि निरुपद्रवी वाटत होती, नंतरची कुणाला दिसलीच नाही.

ती दिसते अहवालात. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ दिलं की विंडोज गेल्या तीन दिवसांचा वाय-फायचा अहवाल बनवतं. फाइल कुठे ठेवली तो पत्ता तिथेच छापून येतो आणि ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात मंगळवारी रात्री १० वाजून ४७ मिनिटांनी एक जोडणी तुटून लगेच दुसरी झालेली होती. गुरुवारी संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी पुन्हा तेच. आधी उतरवून ठेवलेल्या राउटरच्या लॉगमध्ये मंगळवारच्या त्याच मिनिटाला नोंद होती: चॅनेल १०० वर रडार आढळलं, चॅनेल ५२ वर स्थलांतर. गुरुवारचीही नोंद नंतर राउटरमध्ये मिळाली.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मधला भाग, चॅनेल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, वाय-फायला रडारच्या शेजारी राहून वापरायचा असतो. नियम कडक आहेत. रडारसारखा स्पंद ऐकू आला की राउटरने दहा सेकंदांत तो चॅनेल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटं तिथे परतायचं नाही. नवा चॅनेलही याच भागातला असेल तर तिथे बोलायला लागण्याआधी निदान ६० सेकंद गप्प राहून ऐकायचं. जोडणी ८० मेगाहर्ट्झ रुंद असली की चार चॅनेल एकदम व्यापले जातात आणि त्यांतल्या कुठल्याही एकावर रडार दिसलं तरी चारही सोडावे लागतात. काही राउटर भलत्याच आवाजालाही रडार समजतात.

म्हणजे ते एक मिनिट घरात ५ गिगाहर्ट्झ नव्हतंच. लॅपटॉप त्याच नावाच्या २.४ वर गेला, हे बरोबरच झालं. पण मिनिटभराने ५ गिगाहर्ट्झ परत आल्यावर तो परतला नाही. कुठल्या जोडणीवर राहायचं हे शेवटी उपकरणच ठरवतं, आणि बरेच ड्रायव्हर सध्याचा सिग्नल कमजोर झाल्याशिवाय दुसरा शोधायलाच निघत नाहीत. इथे सिग्नल ९९ टक्के होता. शोधायला निघायचं कारणच त्याला दिसत नव्हतं. फोनचा स्वभाव वेगळा, तो दोन मिनिटांत ५ वर परतला. म्हणून फोनवर १८३ येत राहिले.

दुरुस्ती

राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६ वर पक्का केला, रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवली. ३६ ते ४८ हा भाग रडारच्या अटीत येत नाही. १४९ ते १६१ हाही अनेक देशांत मोकळा आहे, पण सगळीकडे नाही. राउटरमध्ये देश खरा निवडलेला असेल तर जे चालत नाही ते यादीत येतच नाही. देश खोटा निवडून जास्त चॅनेल मिळवायच्या फंदात पडू नका. रुंदी १६० मेगाहर्ट्झ करण्याचाही मोह इथे टाळायचा: ३६ पासून १६० ची रुंदी घेतली की जोडणी ६४ पर्यंत पसरते, म्हणजे अर्धी पुन्हा रडारच्याच हद्दीत. चॅनेल ३६ लिहिलेला दिसतो आणि जोडणी तरीही पडत राहते.

दुसरं काम लॅपटॉपमध्ये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमधला ॲडव्हान्स्ड टॅब, तिथे ‘प्रिफर्ड बँड’ शोधून ‘प्रिफर ५ गिगाहर्ट्झ’ केलं. नाव कार्डाच्या कंपनीप्रमाणे थोडं बदलतं, काही ड्रायव्हरमध्ये ते नसतंही. ही फक्त पसंती आहे, कुलूप नाही. तिच्यावर भिस्त न ठेवता राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं दिली आणि लॅपटॉपवर २.४ च्या नावाला ‘फर्गेट’ केलं. याची किंमत अशी की कधी ५ गिगाहर्ट्झ गेलंच तर लॅपटॉप तेवढा वेळ नेटशिवाय राहील. दिवसचे दिवस ११ वर रखडण्यापेक्षा ते बरं. लॅपटॉप राउटरपासून लांबच्या खोल्यांत फिरवला जात असेल तर मात्र नावं वेगळी करू नका, प्रिफर्ड बँडवरच भागवा. दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फार दुबळं होतं.

राउटरमध्ये चॅनेल हाताने निवडायची सोयच नसेल, तर डीएफएस, म्हणजे रडारच्या हद्दीतले चॅनेल वापरण्याची सोय, बंद करायचा पर्याय आहे का ते बघा. तोही नसेल तर वेगळी नावं हा एकच मार्ग उरतो.

डिस्क जागेवरून हलवली. एक मीटरची, नीट शिल्ड केलेली केबल घेऊन ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली आणि बिजागरीजवळच्या पोर्टाऐवजी पुढच्या पोर्टात जोडली. बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फायच्या अँटेना झाकणाच्या कडेत किंवा बिजागरीपाशी असतात, म्हणून गोंगाट करणारी वस्तू तिथून जितकी लांब तितकं चांगलं. हलवताना लॅपटॉप मुद्दाम २.४ वर नेऊन मोजलं होतं: जुन्या जागी रिसीव्ह रेट १३ ते २६, नव्या जागी ७८ ते ११५.६. गोंगाट संपला नाही, कमी झाला. ५ गिगाहर्ट्झवर असताना डिस्क जुन्या जागी आणून पाहिली तेव्हा डाउनलोड १८७ होता आणि काढून पाहिल्यावर १८९. मग डिस्क हलवायचीच कशाला? माउस आणि हेडफोन अजून २.४ वरच आहेत म्हणून. माउसचा बाण त्याच दिवशी अडखळायचा थांबला.

तुटक्या खिट्टीची केबल कापून टाकली, नाहीतर पुढच्या तपासात ती पुन्हा ९४ दाखवायला हजर झाली असती. सोमवारचा ड्रायव्हर जागेवरच ठेवला.

पुढचे सात दिवस रोज सकाळी आणि रात्री इंटरफेसेसच्या कमांडने नोंद घेतली. बँड चौदाही वेळा ५ गिगाहर्ट्झ, चॅनेल ३६, रिसीव्ह रेट ७८० किंवा ८६६.७, डाउनलोड १७९ ते १९१. सिग्नल मात्र ७४ ते ८० टक्के, म्हणजे टास्कबारवर कधीकधी एक पट्टी कमीच.